शंकापेटी: दोन अणू असूनही नायट्रोजन मूलद्रव्यच

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: 'नायट्रोजन हे मूलद्रव्य, अमोनिया हे संयुग.' एवढ्याशा वाक्यावर आलेल्या पत्रांनी या महिन्याची पेटी भरली. वर्गात फळ्यापाशी उभी असताना अशी भांडणं मला फार आवडायची, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच देते.

प्रश्न: माझ्या वहीत लिहिलंय, 'दोन किंवा अधिक अणू रासायनिक बंधाने जोडले गेले की संयुग तयार होतं.' नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि तेही तिहेरी बंधाने जोडलेले. मग त्याला संयुग का म्हणायचं नाही? (नववीतला विद्यार्थी)

अरे, तुझ्या वहीतल्या व्याख्येतून एक शब्द गळलाय. 'दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचे अणू' असं हवं. अणू किती आहेत हे मोजायचंच नाही, अणू किती प्रकारचे आहेत ते बघायचं. नायट्रोजनच्या रेणूतल्या दोन्ही अणूंच्या केंद्रकात सात-सात प्रोटॉन. प्रकार एकच, म्हणून मूलद्रव्य. पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत चार अणू असतात, गंधकाच्या रेणूत आठ अणूंचं कडं असतं. हिऱ्यात तर सुटा रेणू असा नसतोच, अख्खा खडा म्हणजे कार्बनच्या अणूंची एकसलग बांधणी. ही सगळी मूलद्रव्यंच. उलट हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत दोनच अणू, पण एक हायड्रोजनचा आणि एक क्लोरिनचा, म्हणून ते पक्कं संयुग.

तुझी शंका मात्र मुळीच बाळबोध नाही. ज्याच्या नावाने आपण अणुसिद्धांत शिकतो त्या जॉन डाल्टनलाही हेच पटत नव्हतं. एकाच जातीचे अणू एकमेकांना दूर लोटतात असं त्याचं मत होतं, त्यामुळे नायट्रोजनचे दोन अणू हातात हात घालून फिरतात ही कल्पना त्याने उडवून लावली. त्याच्या हिशोबात पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, तर अमोनिया म्हणजे एक नायट्रोजन आणि एक हायड्रोजन.

त्याला अडवलं ते वायूंच्या आकारमानाने. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने दाखवलं की वायूंची अभिक्रिया साध्या पूर्णांकी प्रमाणात होते. नायट्रोजनचं एक माप आणि हायड्रोजनची तीन मापं घेतली की अमोनियाची दोन मापं मिळतात. आता १८११ मध्ये आव्होगाड्रोने काय म्हटलं ते बघ: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात. मग नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू झाले पाहिजेत. त्या दोन्हींत नायट्रोजन आहे, म्हणजे मुळातल्या रेणूचे दोन सारखे वाटे व्हायलाच हवेत. सूक्ष्मदर्शक नाही, काही नाही, नुसत्या मापावरून माणसाने हे ओळखलं! पण जवळजवळ पन्नास वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोने हा मुद्दा पुन्हा लावून धरला. आव्होगाड्रो तोवर वारला होता.

आता तुझ्यासाठी एक कसोटी देते. पदार्थ फोड आणि हाती काय लागतं ते बघ. नायट्रोजनचा रेणू फोडलास तर नायट्रोजनचेच अणू मिळतील, दुसरं काही नाही. अमोनिया खूप तापवून फोडलास तर एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन असे दोन वेगळे वायू मिळतील. एकातून दोन वेगळ्या वस्तू निघाल्या की तिथे संयुग होतं.

आणि वर्गात भाव खायचा असेल तर हा प्रश्न विचार: साधा हायड्रोजन आणि ड्युटेरिअम यांचा एकेक अणू जोडून झालेला रेणू मूलद्रव्य की संयुग? दोघांची वजनं वेगळी आहेत, ड्युटेरिअम दुपटीने जड. पण प्रोटॉन दोघांतही एकच, म्हणजे दोघंही हायड्रोजन. उत्तर, मूलद्रव्य.

प्रश्न: अमुक पदार्थ मूलद्रव्य आहे हे ठरवलं कोणी? डोळ्यांना तर लोखंड आणि मीठ दोन्ही सारखेच 'एकजिनसी' दिसतात. (एक गृहिणी)

डोळ्यांनी ठरत नाही हे तुम्ही अगदी बरोबर हेरलंत. हे ठरवलं तराजूने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ मध्ये व्यवहारी व्याख्या केली: पृथक्करण करत करत जिथे आपण थांबतो, ज्याचे आणखी साधे घटक कोणत्याही उपायाने काढता येत नाहीत, ते मूलद्रव्य. अशा पदार्थाला कशाही अभिक्रियेत घाला, त्याच्यापासून जे नवं बनतं ते त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जडच भरतं, कारण त्यात भर पडू शकते, त्यातून काही निघू शकत नाही.

ही व्याख्या प्रामाणिक आहे, पण तिच्यात 'आजपर्यंत' हा शब्द लपलेला आहे. लाव्हाझिएच्या यादीत ३३ नावं होती आणि त्यांत ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांच्या पंक्तीला प्रकाश आणि उष्णताही बसले होते. चुना, मॅग्नेशिया, सिलिका हेही होते, कारण तेव्हा ते कोणाला फोडता आले नव्हते. यांत धातू दडलेला असावा असा संशय मात्र त्याला होता. तो खरा ठरलेला पाहायला तो उरला नाही, १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेचा वापर करून चुन्यातून कॅल्शिअम काढलं आणि चुना मूलद्रव्यांच्या यादीतून संयुगांच्या यादीत गेला. उलट दिशेचा प्रवासही झाला. क्लोरिनमध्ये ऑक्सिजन आहे, ते संयुग आहे, असं भलेभले मानत होते. डेव्हीने नाना खटपटी केल्या तरी त्यातून ऑक्सिजन निघेना, तेव्हा १८१० मध्ये त्याने जाहीर केलं की हे मूलद्रव्यच आहे.

१९१३ मध्ये मोझलीने क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या, मोजायची वाट दाखवली आणि तो 'आजपर्यंत' गळून पडला. आता अणुअंक एक ते ११८ पर्यंत एकही जागा रिकामी नाही. मधेच एखादं नवं मूलद्रव्य सापडलं अशी बातमी कुणी पाठवली तर खुशाल कानाडोळा करा.

प्रश्न: हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन हे प्रमाण ठरलेलं आहे. संयुगातही प्रमाण ठरलेलं असतं. मग हवा संयुग का नाही? (दोन पत्रांत हाच प्रश्न)

हवा मिश्रण आहे. द्रवरूप हवा सावकाश गरम होऊ दिली की नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळून आधी निघून जातो आणि ऑक्सिजन उणे १८३ ला मागून येतो. संयुग असं हप्त्याहप्त्याने उकळत नाही. त्यातून हवेचं प्रमाणही खरं तर ठरलेलं नाही, बाष्प कमीजास्त होतंच.

उत्तर एवढंच. पण हवेतल्या नायट्रोजनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता काटेकोर मोजत होता. एक नायट्रोजन त्याने हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून मिळवला, दुसरा अमोनियासारख्या संयुगांपासून. मूलद्रव्य एकच, तेव्हा कुठूनही आणलं तरी घनता तीच यायला हवी. आली नाही. हवेतला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरला आणि संयुगांतून काढलेला १.२५१ ग्रॅम. फरक अर्धा टक्का. दुसरा कोणी असता तर 'प्रयोगातली चूक' म्हणून वही मिटली असती. रॅलेने १८९२ मध्ये 'नेचर'ला चक्क पत्र लिहिलं की वाचकांपैकी कोणाला याचं कारण सुचत असेल तर कळवा. (शंकापेटीला यापेक्षा मोठा पूर्वज कोण मिळणार!)

मग विल्यम रॅमझीने हवेतला तो 'नायट्रोजन' तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशिअम नायट्रोजनला धरून ठेवतं, म्हणजे खरा नायट्रोजन जिरून जायला हवा. शेवटी थोडासा वायू उरला, तो काही केल्या जिरेना. १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं की हे नवं मूलद्रव्य आहे, आर्गॉन. हवेत ते ०.९३ टक्के असतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी, १७८५ मध्ये, कॅव्हेंडिशलाही हवेत ठिणग्या पाडताना असाच न जिरणारा बुडबुडा दिसला होता. त्याने तो इमानदारीने नोंदवून ठेवला: नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही. मला या सगळ्या प्रकरणात आर्गॉनपेक्षा ती नोंद जास्त मोलाची वाटते. १९०४ साली रॅलेला भौतिकशास्त्राचं आणि रॅमझीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रश्न: मुलीने प्रयोगशाळेत मुशीत मॅग्नेशिअम जाळलं. राखेचं वजन पुस्तकातल्या हिशोबापेक्षा कमी आलं म्हणून गुण कापले गेले. मूस झाकलेली होती, राख उडाली नव्हती. कुठे चुकलं? (पालक)

तुमची मुलगी चुकलेली नसावी. मॅग्नेशिअम मुशीत गुंतलं ते दोन वायूंशी.

एक ग्रॅम मॅग्नेशिअमचं पूर्णपणे ऑक्साइड झालं तर राख १.६६ ग्रॅम भरते. पण मुशीचं झाकण लावलेलं असतं तेव्हा आतला ऑक्सिजन लवकर संपतो आणि लाल तापलेलं मॅग्नेशिअम उरलेल्या नायट्रोजनवर झडप घालतं. तयार होतं मॅग्नेशिअम नायट्राइड. एक ग्रॅमचं सगळंच नायट्राइड झालं असतं तर वजन १.३८ ग्रॅमच आलं असतं. थोडंसं नायट्राइड झालं तरी काटा खालीच राहणार.

हे तपासून बघता येतं आणि मी दर वर्षी मुलांकडून करून घ्यायचे. मूस पूर्ण थंड होऊ द्यायची. घाई केली तर मूस तडकते. झाकण काढून राख जवळून बघायची: बहुतेक पांढरी असते, पण तळाशी, जिथे हवा कमी पोचली तिथे, पिवळसर-हिरवट झाक दिसते. ड्रॉपरने पाण्याचे चार-पाच थेंब सोडायचे. बारीकसा चुरचुर आवाज येतो. आता ओला केलेला तांबडा लिटमस कागद चिमट्यात धरून मुशीच्या तोंडाशी न्यायचा, कडेला टेकवायचा नाही, नाहीतर राखेतल्या आम्लारीनेच निळा होईल आणि काही सिद्ध होणार नाही. कागदाचं टोक आधी निळसर होतं आणि मग निळा रंग वर सरकतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी नाक मुरडतं. अमोनिया!

नाटक झालं चार पात्रांचं. हवेतला नायट्रोजन, म्हणजे मूलद्रव्य, मॅग्नेशिअमला बिलगून नायट्राइड झाला, म्हणजे संयुग. त्यावर पाणी पडताच नायट्रोजनने मॅग्नेशिअम सोडलं, पाण्यातला हायड्रोजन घेतला आणि अमोनिया होऊन उडाला. मुशीत मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड राहिलं. मूस पुन्हा जोरात तापवली की त्यातलं पाणी जाऊन ऑक्साइड उरतं आणि वजन हिशोबाच्या जवळ येतं. प्रयोगवहीत 'पाण्याचे थेंब घालून पुन्हा तापवा' ही ओळ असते ती याचसाठी. अनेक ठिकाणी वेळ वाचवायला ती गाळतात आणि मग मुलांचे गुण कापतात. रॅमझीने नायट्रोजन जिरवायला मॅग्नेशिअमच का निवडलं होतं तेही आता लक्षात आलं असेल.

प्रश्न: हायड्राइड म्हणजे हायड्रोजनचं संयुग असं वाचलं. मग अमोनिया हायड्राइड आहे का? आणि पाणी? (बी.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी)

सैल अर्थाने हो. हायड्रोजन आणि आणखी एकच मूलद्रव्य मिळून झालेलं संयुग म्हणजे हायड्राइड असं धरलं तर अमोनिया हे नायट्रोजनचं हायड्राइड, पाणी ऑक्सिजनचं, मिथेन कार्बनचं. आवर्तसारणीतला एखादा गण शिकवताना आपण असंच म्हणतो: अमोनिया, फॉस्फिन, आर्सिन ही पंधराव्या गणाची हायड्राइडं.

पण कडक अर्थाने हायड्राइड म्हणजे ज्यात हायड्रोजनने एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयनाचं रूप धरलंय ते. अमोनियात तसं नाही. नायट्रोजनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद, ३.०४, हायड्रोजनची २.२०, त्यामुळे इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे झुकतात आणि हायड्रोजन किंचित धन होतो. कॅल्शिअम हायड्राइड किंवा लिथिअम हायड्राइडमध्ये बरोबर उलटं. धातूने इलेक्ट्रॉन देऊन टाकलाय आणि हायड्रोजन ऋण होऊन बसलाय.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर विजेला विचारावं. पाण्याच्या विद्युत अपघटनात हायड्रोजन ऋणाग्रापाशी निघतो, हे शाळेत पाठ असतं. वितळलेल्या लिथिअम हायड्राइडमधून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रापाशी निघतो. तोच वायू, पण घराच्या दुसऱ्या दाराने. १९२० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं, आणि माझ्या मते हायड्राइडच्या धड्याची सुरुवात व्याख्येने न करता या प्रयोगाने करायला हवी.

दुसरा पुरावा पाण्याचा. अमोनिया पाण्यात निमूट विरघळतो. कॅल्शिअम हायड्राइडचा करडा खडा पाण्यात टाकला तर फसफसून हायड्रोजन निघतो, एका ग्रॅमपासून साधारण एक लिटर. गंमत म्हणजे त्यातला निम्मा हायड्रोजन खड्यातला असतो आणि निम्मा पाण्यातला. खड्यातला ऋण हायड्रोजन आणि पाण्यातला धन हायड्रोजन एकमेकांना भेटतात आणि हायड्रोजनचा रेणू, म्हणजे पुन्हा मूलद्रव्य, तयार होतं. हवामानाचे फुगे भरायला याचा उपयोग होत असे. प्रयोगशाळेत द्रावकातलं पाणी टिपून घ्यायला हे आजही वापरतात.

आता नायट्रोजनकडे परत येऊ, कारण तुझ्या प्रश्नाच्या शेपटीला खरा मुद्दा आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन ही तीच दोन मूलद्रव्यं एकापेक्षा जास्त संयुगं देतात. अमोनियात एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन. हायड्रॅझिनमध्ये दोन नायट्रोजनला चार. हायड्रॅझोइक आम्लात तीन नायट्रोजनला एकच. प्रत्येकात एक ग्रॅम हायड्रोजनमागे किती ग्रॅम नायट्रोजन आहे ते काढ: ४.६३, ६.९५ आणि ४१.७. हे आकडे एकमेकांना भागले की २ : ३ : १८ असं स्वच्छ पूर्णांकी प्रमाण निघतं. डाल्टनचा गुणित प्रमाणाचा नियम तो हाच. त्याचं अमोनियाचं सूत्र चुकलं तरी नियम अभंग राहिला.

आणि स्वभाव बघ तिघांचे. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळणारा, नाकात झणझणणारा वायू. हायड्रॅझिन ११४ अंशांना उकळणारा विषारी द्रव. उपग्रहाची दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांत तो इरिडिअमच्या उत्प्रेरकावर सोडला की फुटून गरम वायू होतो आणि ढकलतो. हायड्रॅझोइक आम्लात वजनाने ९७.७ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे जवळजवळ नायट्रोजनच म्हणा ना! पण नायट्रोजन वायू कशातही भाग न घेणारा थंड गृहस्थ आणि हे आम्ल धक्क्यानेही स्फोट होणारं. ज्यांना वाटतं की संयुगाचे गुण म्हणजे घटकांच्या गुणांची गोळाबेरीज, त्यांना हे एक उदाहरण पुरे.

कारण तिहेरी बंधात आहे. नायट्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. इतका भक्कम बंध जुळताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते, म्हणून नायट्रोजनची पुष्कळ संयुगं संधी मिळताच पुन्हा मूलद्रव्य व्हायला टपलेली असतात. उलट्या दिशेला, मूलद्रव्याचं संयुग करायला, जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरला लोखंडासारखा उत्प्रेरक, शेकडो अंशांचं तापमान आणि दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब लागला. १९१३ मध्ये ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. द्विदल झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच काम साध्या तापमानाला, साध्या दाबाला करतात आणि तेही गाजावाजा न करता.

प्रश्न: 'संयुगात घटकांचं प्रमाण नेहमी स्थिर असतं' हा नियम सर्वत्र लागू आहे का? की यालाही अपवाद? (निवृत्त अभियंता)

अपवाद आहेत, आणि सगळ्यांत देखणा अपवाद हायड्राइडांतच आहे. पॅलेडिअम नावाचा धातू हायड्रोजन पितो. थॉमस ग्रॅहमने १८६०च्या दशकात दाखवलं की तो आपल्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन सामावून घेऊ शकतो. धातू थोडा फुगतो, पण दिसायला धातूच राहतो, वीजही वाहून नेतो. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो आणि त्याचे सुटे अणू पॅलेडिअमच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात. किती? साध्या परिस्थितीत दर पॅलेडिअम अणूमागे ०.६ ते ०.७. दाब वाढवा, आकडा वाढतो. तापवा, हायड्रोजन बाहेर पडतो.

मग याला संयुग म्हणायचं की धातूत मुरलेला वायू? ग्रॅहमला तर वाटलं की हायड्रोजन हाही एक धातूच असावा आणि हे दोघांचं संमिश्र आहे. आजचे लोक 'धातूरूप हायड्राइड' म्हणतात आणि प्रमाण अस्थिर असलेल्या संयुगांच्या खात्यात टाकतात. या खात्यात आयर्न ऑक्साइडचा एक प्रकारही आहे. त्यात एका ऑक्सिजनमागे लोखंडाचा एक पूर्ण अणू कधीच भरत नाही, ०.९५च्या आसपास अडकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर प्रूस्त आणि बर्थोले यांचा यावरूनच वाद झाला होता. प्रूस्त म्हणे प्रमाण ठरलेलं, बर्थोले म्हणे ते बदलतं. प्रूस्त जिंकला, आणि जिंकला ते बरंच झालं, कारण त्या स्थिर प्रमाणावरच डाल्टनचे अणू उभे राहिले. घन पदार्थांपुरतं बर्थोलेचंही थोडं खरं होतं हे पुढे कळलं. मी तरी शाळेत प्रूस्तच शिकवीन, आणि बी.एस्सी.ला पॅलेडिअम टेबलावर ठेवीन.

प्रश्न: ओझोन, पोलाद, जड पाणी, ग्रॅफाइट, कोरडा बर्फ. यांतलं काय मूलद्रव्य आणि काय संयुग? मित्रांशी पैज लागली आहे. (सही वाचता आली नाही)

ओझोन आणि ग्रॅफाइट मूलद्रव्यं. जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरिअम असलेलं पाणी) आणि कोरडा बर्फ संयुगं. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. पोलाद या दोन्हींत बसत नाही, ते संमिश्र आहे, आणि त्याच्या पोटात आयर्न कार्बाइड हे संयुग असू शकतं. पैजेच्या अटीत 'दोन्ही नाही' हा पर्याय नसेल तर पोलादावरून भांडण होईल, ते तुमचं तुम्ही मिटवा.

प्रश्न: मूलद्रव्य फोडता येत नाही म्हणता, पण अणू तर फोडतात! मग नायट्रोजन फोडला तर त्यातून नायट्रोजनच निघेल हे खरं कसं? (अकरावीतला विद्यार्थी)

मी 'फोडणं' म्हटलं ते रासायनिक अर्थाने: तापवणं, वीज सोडणं, आम्ल घालणं. त्यात बंध तुटतात, केंद्रकाला धक्का लागत नाही. केंद्रकालाच हात घातला तर नायट्रोजन नायट्रोजन राहत नाही, आणि तू हे विचारलंस म्हणून आनंद झाला, कारण माणसाने मुद्दाम केलेल्या प्रयोगात एका मूलद्रव्याचं दुसरं झालेलं पहिल्यांदा आढळलं ते नायट्रोजनच्याच बाबतीत.

१९१९ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्डने प्रसिद्ध केलं की नायट्रोजन वायूत अल्फा कण, म्हणजे हेलिअमची वेगवान केंद्रकं, सोडले की अधूनमधून हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन, उडताना दिसतात. (१७७२ मध्ये नायट्रोजन वेगळा काढणाराही रदरफोर्डच होता, पण तो डॅनिअल. परीक्षेत दोघांची अदलाबदल करू नकोस.) नेमकं काय घडतंय ते पुढे ब्लॅकेटने टिपलं. त्याने अभ्रकोष्ठात, म्हणजे कणाची वाट धुक्याच्या रेघेसारखी उमटवणाऱ्या पेटीत, वीस हजारांहून जास्त छायाचित्रं काढली. त्यांतल्या लाखो रेघांत फक्त आठ रेघा हव्या तशा दुभंगलेल्या सापडल्या. एक बारीक लांब रेघ प्रोटॉनची आणि एक जाड आखूड रेघ नव्या केंद्रकाची. अल्फा कण नायट्रोजनच्या केंद्रकात शिरला, प्रोटॉन बाहेर फेकला गेला आणि मागे राहिला तो ऑक्सिजन, वस्तुमान १७ असलेला. १९२५ मध्ये ही छायाचित्रं प्रसिद्ध झाली.

निसर्ग हे रोज करतो. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनच्या केंद्रकावर आदळतात आणि त्याचा कार्बन-१४ होतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं, आणि त्यावरूनच जुन्या लाकडाचं, हाडाचं वय काढतात. ऊर्जेचा हिशोब केलास तर फरक लगेच दिसेल: नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला रेणूमागे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टसुद्धा (हे अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागत नाहीत, आणि रदरफोर्डचे अल्फा कण होते काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. प्रयोगशाळेतल्या बर्नरने तेवढं गाठता येत नाही, तेव्हा रसायनाच्या पेपरात नायट्रोजनला बिनधास्त मूलद्रव्य लिही.